डाव्या खांद्याची रायफल

बहरीनला वाढले असं सांगितलं की लोक सोन्याबद्दल विचारतात. किती आणलंत, तिकडं स्वस्त मिळतं म्हणे, बाजारात नुसती दुकानंच दुकानं असतात म्हणे. मी सांगते, आम्ही एक दुर्बीण आणली. मग समोरच्याचा चेहरा पडतो आणि विषय बदलतो. ते बरंच होतं, कारण त्या दुर्बिणीबद्दल बोलायला लागलं की सगळंच सांगावं लागतं, आणि लग्नाच्या पंगतीत किंवा बँकेच्या रांगेत ते कसं जमेल? रायफलीवर बसवायची दुर्बीण आहे ती, वीतभर लांबीची, काळी. आईच्या जुन्या शालीत गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. रायफल तिकडंच राहिली.

आमचं घर आबांच्या डोळ्यांवर चालायचं. हे वाक्य आईचं. आबा, म्हणजे माझे वडील, हिद्द गावाच्या पुढं जहाजं दुरुस्त करायची जी गोदी होती तिथं ड्राफ्ट्समन होते. पहाटे कंपनीची बस यायची, ते तीन डब्यांचा डबा घेऊन जायचे आणि दिवसभर उताराच्या मोठ्या फळ्यावर ट्रेसिंग कागद ताणून जहाजाच्या पोटातले पाईप काढत बसायचे. केसाएवढी रेघ इकडची तिकडं झाली तर खाली वेल्डर चुकीच्या जागी पत्रा कापणार. त्यामुळं आई त्यांच्या डोळ्यांना फार जपायची. दर गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, ती काशाची वाटी काढायची, आबांच्या तळपायांना तूप लावायची आणि वाटीनं तळवे घासत बसायची. डोळ्यांतली उष्णता उतरते, असं तिच्या माहेरी सगळे मानायचे. तळवे काळे झाले की ती म्हणायची, "बघा, किती उष्णता निघाली." आबा खुर्चीत डोळे मिटून हसायचे. आज मागं वळून बघते तेव्हा कळतं, त्या डोळ्यांवर आम्ही केलेला इलाज तेवढाच.

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरून सोन्याची दुकानं मागं टाकली की कापडवाल्यांची गल्ली लागायची. तिच्या वळणावर एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली शिलाईची यंत्रं, वर खिडकीतल्या एसीची घरघर, मधूनच छतावरच्या पाण्याच्या पंपाचा धडाका. एसी बंद पडला की कान एकदम मोकळे व्हायचे आणि मग बांग, हातगाडीवाल्यांची आरडाओरड, बंदराकडचा भोंगा सगळं एकदम घरात यायचं. नळाचं पाणी मचूळ, प्यायचं पाणी विकत. आई कोल्हापूरची, त्यामुळं मासा साफ कसा करायचा हे तिला तिथंच शिकावं लागलं. शेजारी वसईच्या एक नर्सबाई राहायच्या, त्यांनी तिला सफी नावाचा तिथला काटेरी मासा हाताळायला शिकवला. मसाला मात्र आई आपलाच घालायची. सुट्टीवरून परतताना ट्रंकेत कांदा-लसणाची चटणी असायचीच. एकदा विमानतळावर कस्टमच्या माणसानं पिशवी उघडून नाक खुपसलं आणि असा शिंकत सुटला की हातानंच "यल्ला, यल्ला" करून त्यानं आम्हाला बाहेर काढलं. आई ही गोष्ट आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

आबांना नेमबाजीचं वेड कॉलेजातल्या एनसीसीपासूनचं. कोल्हापूरला असताना ते विद्यापीठाच्या संघात होते म्हणे. बहरीनला आल्यावर ते सगळं सुटलं होतं. मग कळलं की कंपनीच्या क्लबात, वाळूच्या बांधामागं, पॉइंट टू-टू रायफलींची छोटी रेंज आहे. क्लब गोऱ्या साहेबांचा, पण रेंज सांभाळणारे हॅरिस नावाचे इंजिनिअर मोकळ्या मनाचे होते. आबांना शुक्रवारी सकाळी यायची त्यांनी परवानगी दिली, आणि मी शाळेत असताना हट्टानं मागं लागले तेव्हा म्हणाले, मुलीलाही आण. रायफली क्लबाच्याच कुलपात असायच्या, घरी काही आणायचं नसे. मी पालथी पडून नेम धरायला तिथंच शिकले. शिकवणारे दोघं आणि दोघांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. आबा सांगायचे, "डावा डोळा मिट. घट्ट मिट. नेम एका डोळ्याचाच असतो." हॅरिस मागून जाताना सांगायचे, "बोथ आईज ओपन, गर्ल." दोन्ही उघडे ठेवले तरच पूर्ण दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आबा मराठीत पुटपुटायचे, "साहेबाला काय, एक नसला तर दुसरा हाय," आणि मला हसू आवरायचं नाही.

माझं बारावीचं वर्ष सुरू झालं त्या सुमारास क्लबात एक मोडकी रायफल पडून होती. सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की गोळी सुटायची, रिकामी पुंगळी उजवीकडून उडून बाहेर पडायची आणि पुढची गोळी आपली आपण नळीत चढायची, मग पुन्हा चाप ओढेपर्यंत गप्प बसायची. नळी आणि आतलं यंत्र उत्तम, पण लाकडी दस्ता मधोमध तडकलेला. हॅरिस ती मोडीत काढणार होते. आबा म्हणाले, मला द्या, मी उभी करतो. लोखंड क्लबातच राहिलं. आबांनी मापं घेतली, मुहर्रकच्या किनाऱ्यावर लाँची बांधणाऱ्या सुतारांकडून सागवानाचा एक तुकडा मिळवला आणि आमच्या गॅलरीत दस्ता कोरायला बसले. ते लाकूड मलबारहून आलेलं होतं. आबा त्याचा वास घेऊन म्हणायचे, "हा आपल्यासारखाच. समुद्र ओलांडून आलाय." सगळा उन्हाळा गॅलरीत भुसा उडत होता. आई ज्वारीचं पीठ चाळायला बसली की चाळणीत भुसाच जास्त निघतोय असं म्हणायची. "पोरीला इंजिनिअर करणार म्हणून आणलं इथं, आणि आता बंदुका करायला शिकवताय काय," असंही. पण दुपारी आबांच्या शेजारी ताक ठेवून जायची.

तो दस्ता मला विचित्र वाटला. रायफलीचा दस्ता खांद्याला लावून आपण गाल टेकतो, त्यासाठी एका बाजूला लाकडाचा उंचवटा ठेवतात. उजव्या खांद्यानं मारणाऱ्याला तो डाव्या बाजूला लागतो. आबा जन्मभर उजव्या खांद्यानं मारत आले होते आणि उंचवटा कोरत होते उजव्या बाजूला. मी म्हटलं, "आबा, उलटं होतंय." ते म्हणाले, "होऊ दे की. आता अशीच पद्धत आलीय." मला पद्धतींमधलं काय कळणार? मी अभ्यासाला गेले. त्याच दिवसांत आईनं आबांच्या ताटातली आमटीची वाटी डावीकडं ठेवायला सुरुवात केली. आमच्या घरी डावी बाजू चटणी-मिठाची, वाटी उजवीकडं, त्यात कधी बदल नाही. आधी आबांचा हात लागून वाटी दोनदा-तीनदा कलंडली होती, एकदा तर पाणी ओतताना त्यांनी पेल्याच्या शेजारीच धार धरली होती. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "जेव गुमान. मी वाढतो तसं जेव." आमच्याकडच्या बायका बोलताना अशाच बोलतात, मी वाढतो, मी जातो. तिच्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. नव्हतं.

दस्ता तयार झाला, तेल पिऊन तपकिरी झाला, हॅरिसनी त्यात यंत्र बसवून दिलं. राहिली दुर्बीण. हिवाळ्यात क्लबाची स्पर्धा असे, दुर्बिणीच्या रायफलींचा त्यात वेगळा गट होता आणि आबांनी नाव दिलं होतं. अशी दुर्बीण आमच्याच बाजारात मिळायची. अबू यूसुफ नावाचे वृद्ध दुकानदार कॅमेरे, घड्याळं, मासे धरायचे गळ आणि तऱ्हेतऱ्हेच्या दुर्बिणी विकायचे. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहून आल्यानं त्यांची हिंदी चांगली चालायची. सप्टेंबरातली एक संध्याकाळ होती. हवा इतकी दमट की रस्त्यावर चार पावलं चाललं तरी झगा अंगाला चिकटायचा. आबा दिवसभर गोदीत काम करून आले होते, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं, खरेदीचा उत्साह आहे.

अबू यूसुफनी दोन दुर्बिणी काचेवर मांडल्या. एक साधी, चारपट मोठं दाखवणारी, हलकी आणि बारीक. दुसरी जाडजूड, तोंडाशी मोठं भिंग, कडी फिरवली की तीनपासून नऊपटीपर्यंत वाढवता येणारी. मी हॅरिसचं ऐकून गेले होते, म्हणून म्हटलं, छोटी घेऊ. अशा रायफलीला वजन पुढं नको. शिवाय जाड दुर्बीण खाली बसली तर उडणारी पुंगळी तिला आपटेल, आणि वर बसवली तर गाल दस्त्यावर नीट टेकणार नाही. आबांना हे सगळं माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी ते मोठीच हातात घेऊन बसले. कडी नऊवर फिरवली, परत फिरवली.

"आबा, पन्नास यार्डांवर नऊपट कशाला पाहिजे?"

"दिसायला पाहिजे की नीट."

"चारपटीत दिसतंय की."

"तुला दिसतंय," ते म्हणाले. मग लगेच म्हणाले, "चल, बाहेर बघू."

दुकानाची रीतच ती होती. दुर्बीण आत बघून कुणी घेत नसे. पायरीवर उभं राहायचं आणि गल्लीच्या टोकाला कापडवाल्याची पाटी वाचायची. पण त्याआधी आणखी एक रीत असे. दुकानात एसी जोरात, त्यामुळं काचा गार, आणि बाहेरची ती हवा लागली की क्षणात भिंग पांढरं व्हायचं. म्हणून अबू यूसुफ गिऱ्हाइकाच्या मागोमाग मऊ फडकं घेऊन बाहेर यायचे, पुढची-मागची काच पुसायचे आणि म्हणायचे, "अब शूफ," म्हणजे आता बघा. बहरीनमध्ये चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं. दारातून बाहेर पडायचं, थांबायचं, चष्मा पुसायचा, मग चालायला लागायचं.

आबा थांबले नाहीत. पायरीवर गेले, दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली, डावा घट्ट मिटला आणि वाचायला लागले. साड्या, सूटिंग, शर्टिंग, घाऊक आणि किरकोळ, खाली मालकाचं नाव. एकेक शब्द सावकाश, शाळेतल्या मुलानं वाचावा तसा. "एकदम क्लिअर," असं म्हणाले. त्या गल्लीतून ते कितीतरी वर्षं रोज जात होते. मी त्यांच्या पुढं, एक पायरी खाली उभी होते, आणि माझ्यासमोर दुर्बिणीचं मोठं भिंग दुधासारखं पांढरं झालेलं होतं. त्यातून पाटी सोडा, सूर्यसुद्धा दिसला नसता. अबू यूसुफ फडकं हातात धरून त्यांच्या मागं उभे होते. ते खाली, आपल्या चपलांकडं बघत होते.

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, आबा गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते वाट बघत होते की मी हो म्हणते का. आणि मग सगळं एकदम लक्षात आलं, कलंडणारी वाटी, पेल्याशेजारची धार, उलटा कोरलेला दस्ता. काच धुरकटली आहे हे त्यांना समजलं नव्हतं, कारण त्या डोळ्याला सगळंच तसं दिसत होतं.

मी मराठीत, हळू आवाजात म्हटलं, "आबा, काच पुसायची राहिलीय."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. डावा डोळा उघडून भिंगाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मागं हात केला, अबू यूसुफनी त्या हातात फडकं दिलं. आणि ते आत जाऊन गळांच्या डब्या उगाच नीट लावत बसले. आबांनी काच पुसली, पुन्हा पुसली आणि दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली.

"पाटीखाली एक माणूस बसलाय," ते म्हणाले. "स्टुलावर. डाळिंब सोलतोय. बनियन खांद्यावर फाटलंय त्याचं. मांजर आहे पायाशी. पांढरं नाही, पिवळट. एका कानाचा तुकडा पडलाय."

मी वळून बघितलं. नुसत्या डोळ्यांनी मला माणूस दिसत होता, मांजर दिसत होतं, कान दिसत नव्हता. मी त्यांच्या हातातून दुर्बीण घेतली आणि बघितलं. कानाचा तुकडा पडलेला होता. मला रडू आलं आणि हसूही आलं. आबाही हसायला लागले. आम्ही दोघं त्या पायरीवर भर बाजारात वेड्यासारखे हसत उभे होतो, आणि त्या हसण्याचंच मला आज सर्वांत जास्त वाईट वाटतं. तो डोळा त्या संध्याकाळी शाबूत होता. मी स्वतः पडताळून बघितलं होतं.

आत आल्यावर आबांनी मोठी दुर्बीण काचेवर परत ठेवली. "ही नको. छोटीच द्या. डाव्याला तेवढी पुष्कळ झाली." अबू यूसुफ म्हणाले, "हाँ साब, ये अच्छा. हल्का. मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही. ती बांधून देताना त्यांनी ते मऊ फडकंही आत घडी करून घातलं.

परत येताना आबांनी मला चहाच्या टपरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी रात्री दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, मग उजवीकडं धूर धरल्यासारखं झालं, मग वाढतच गेलं. दस्ता डावीकडचा करायला घेतला, पण मनात होतं की मोठ्या भिंगातून उजव्यानं दिसलं तर दुसरा दस्ता कोरू. आयुष्यभर भिंगं, पट्ट्या, कंपास यांच्यावर जगलेला माणूस, त्याला वाटत होतं की भिंग पुरेसं मोठं असलं की काहीही दिसतं. मी विचारलं, डॉक्टर? ते म्हणाले, "कंपनीच्या डॉक्टरकडं गेलो तर कागदावर चढलं. ड्राफ्ट्समनचा डोळा गेला म्हणजे व्हिसा खलास. बाहेरच्याकडं गेलो तरी बेट केवढं, सुमे? आज ना उद्या कळणार. तुझं वर्ष होऊ दे."

"आणि दुसऱ्याला काही झालं तर?"

"त्याला काय होतंय? बघितलास की आता." मग मला धीर देण्यासाठी म्हणाले, "नेम धरताना एक मिटतोसच ना तू? हा कायमचा मिटलाय असं समज."

मला ते पटलं. खरंच पटलं. कुणा डॉक्टरच्या मुलीला पटलं नसतं, शेतकऱ्याच्या मुलीलासुद्धा नसतं, पण मी वाळूवर पालथं पडून एक डोळा मिटून बघायला शिकलेली मुलगी होते. जगात जे काही अचूक बघायचं ते एकाच डोळ्यानं, हे आमच्या दोघांच्या अंगात भिनलेलं होतं. आईला सांगायचं नाही असं ठरलं. घरी गेलो तर तिनं ताटं वाढलेली होती, आबांची वाटी डावीकडं.

हिवाळ्यातल्या त्या स्पर्धेचा दिवस आमच्या बहरीनच्या सगळ्या वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस. आई पहिल्यांदाच रेंजवर आली, शाल पांघरून, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा, दोन्ही कानांत बोटं. आबा डाव्या खांद्याला रायफल लावून पालथे झाले. सागवान उन्हात चमकत होतं. दुर्बीण आणि डोळा यांच्यात चार बोटं अंतर, गाल त्या उलट्या उंचवट्यावर बरोबर टेकलेला. पुंगळ्या त्यांच्या मिटलेल्या डोळ्याच्या पुढून उडत होत्या. ते दुसरे आले, छोटा चषक मिळाला. हॅरिस लाडू खात खात म्हणाले, डावा खांदा कधीपासून? आबा म्हणाले, बदल म्हणून. हॅरिस हसले आणि त्यांनी पुन्हा आपलं ते वाक्य ऐकवलं, दोन्ही डोळे उघडे ठेवत जा. आबांनीही हसून मान डोलावली. पहिले आले असते तर बरं झालं असतं असं आई घरी येईपर्यंत म्हणत होती, पण तिचा चेहरा खुलला होता. आबा हरले असते, गोळ्या भलतीकडं गेल्या असत्या, तर आम्ही घाबरलो असतो आणि कुठल्यातरी डॉक्टरकडं गेलो असतो. त्या चषकानं आमचं समाधान केलं.

कंपनीची दरवर्षीची तपासणी ते कशी पार पाडायचे हे त्यांनी मला मोठ्या खुशीत करून दाखवलं होतं. कंपाउंडर म्हणाला उजवा झाका, की उजव्या हातानं उजवा झाकायचा. म्हणाला डावा झाका, की डावा हात वर न्यायचा, पण नाकावरून पुढं सरकवून झाकायचा पुन्हा उजवाच. "त्याचं लक्ष कागदाकडं," आबा म्हणाले. मी पोट धरून हसले. आता डोळ्यांच्या दवाखान्यात ते यंत्र समोर आलं, हनुवटी टेकवा म्हणाले, की मला ते हात आठवतात. मला दर सहा महिन्यांनी जावं लागतं, हा आजार घरात उतरतो म्हणून. अजून तरी माझे दोन्ही ठीक आहेत.

बारावीनंतर मी कोल्हापूरला मावशीकडं राहून इंजिनिअरिंग करू लागले. सुट्टीत बहरीनला जायचे तेव्हा आबा ठीक दिसायचे. थोडे सावकाश चालायचे, एवढंच. मग एकदा अचानक निरोप आला की दोघं कायमचे परत येताहेत. मी मुंबईला विमानतळावर गेले. आबा आईचा दंड धरून बाहेर आले. मी त्यांच्या डाव्या बाजूनं हात हलवत होते, हाक मारेपर्यंत त्यांना कळलं नाही. मग त्यांनी सगळी मान वळवून मला समोर घेतलं आणि म्हणाले, "सुमे, आता चोवीस तास दुर्बीण लावल्यासारखं दिसतंय. समोरचं तेवढं. बाजूचं सगळं काळं." आईनं नंतर सांगितलं की एका नकाशात पाईपचं तोंड थेट टाकीच्या भिंतीत गेलं होतं आणि तिथून सगळं बाहेर आलं. कंपनीनं वाईट वागवलं नाही. हॅरिसनी निरोपाच्या दिवशी रायफलीवरची दुर्बीण स्वतःच्या हातानं काढली आणि मुलीला द्या म्हणून आबांच्या हातात ठेवली. रायफल कुलपातच राहिली. तो दस्ता डाव्या खांद्याचा, क्लबात दुसरं कुणी डावखुरं नव्हतं.

मी एकदा आईला विचारलं, तुला कधी कळलं होतं? ती म्हणाली, "वाटीवरनं. मला वाटलं, तुम्हा दोघांना माहीत नसेल. उगाच कशाला घाबरवू." आम्हीही तिला घाबरवायचं नाही म्हणून गप्प होतो. तीन माणसांच्या घरात तिघांना ठाऊक होतं, आणि दर गुरुवारी काशाच्या वाटीनं तळवे घासणं चालू होतं.

आम्ही मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू, म्हणाले. उजवा तर गेलेलाच आहे, डाव्याचं जे राहिलंय ते औषधानं किती दिवस टिकवता येतंय बघू, पण गेलेलं परत येत नाही. वेळेवर थेंब सुरू केले असते तर डावा नक्की राहिला असता. हे ते रागावून नाही, दमलेल्या माणसासारखं बोलले. मग हात पुसत आबांना म्हणाले, "शिकलेले दिसता. पहिला डोळा गेला तेव्हाच का नाही आलात?"

आबांनी खरंच विचार केला. कुणी प्रश्न विचारला की ते नेहमीच विचार करून उत्तर द्यायचे.

"एक होता की, डॉक्टर," ते म्हणाले.

आणि मग मला साक्षीला घ्यायला म्हणून ते उजवीकडं वळले आणि तिथल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "होय की नाही, सुमे?"

मी त्यांच्या डावीकडं बसले होते. मी म्हटलं, "होय आबा."